संगणकाचा जासूद

संगणक ही एके काळी जागेवरून न हलणारी वस्तू होती. टेबलावर ती एकदा स्थानापन्न झाली की तिच्या पाठीमागे एक तार खोचली जाई आणि त्या तारेतून ती जाळ्याशी, म्हणजे इतर संगणकांशी, जोडलेली राही. तिचा जाळ्यावरील पत्ता एकदा लिहून ठेवला की तो वर्षानुवर्षे बदलण्याचे कारण पडत नसे. आता संगणक पिशवीत बसून माणसाबरोबर फिरू लागला आहे. सकाळी तो घरच्या बिनतारी जाळ्यावर असतो. तासाभराने कचेरीतल्या तारेला जोडला जातो. सायंकाळी रेल्वेस्थानकावरील सार्वजनिक जाळ्यावर येतो आणि रात्री एखाद्या विश्रामगृहात जे मिळेल त्यावर भागवतो. एका दिवसात त्याचे चार मुक्काम होतात.

फिरतीवर गेलेल्या अधिकाऱ्याचा मुक्काम बदलला म्हणजे त्याच्या बरोबरच्या माणसांना अनेक कामे आपोआप करावी लागतात. टपाल कोठे पाठवावे हे कळवायचे, कोणती पेटी उघडायची व कोणती कुलूपबंदच ठेवायची हे पाहायचे, निघण्यापूर्वी दप्तर आवरायचे. ही कामे साहेबाने दर वेळी तोंडाने सांगावी लागत असतील, तर ती माणसे बरोबर असून उपयोग काय? संगणकाच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. घरच्या जाळ्यावर आल्यावर सामायिक साठ्याची तबकडी जोडून घ्यावी, परक्या जाळ्यावर गेल्यावर घरच्यांसाठी उघडी ठेवलेली दारे बंद करावीत, मोजून पैसे द्यावे लागणाऱ्या जाळ्यावर मोठाल्या फायली उतरवून घेणे थांबवावे, अशी कामे दर वेळी हाताने करणे हे मनुष्याच्या विसराळू स्वभावाला झेपणारे नव्हे.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली, जिचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने रचला, तिच्यात या कामासाठी एक साधी व्यवस्था आहे. बहुतेक लिनक्स संगणकांवर जाळ्याची जोडणी सांभाळण्याचे काम ‘नेटवर्कमॅनेजर’ नावाचा कार्यक्रम करतो. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये तो सुरू केला, आणि त्याचे प्रयोजनच मुळी हे फिरते संगणक होते. त्यापूर्वी डेबियन परिवारातील प्रणालींत जोडणी चालू होताना आणि बंद होताना करावयाच्या कामांसाठी चार वेगळे कप्पे असत आणि आजही काही ठिकाणी ते वापरात आहेत. परंतु ती योजना मूळ एकाच जागी बसलेल्या यंत्राच्या कल्पनेवर उभी होती.

नेटवर्कमॅनेजर हा कारभारी मानला, तर त्याच्या हाताखाली एक जासूद आहे. त्याचे नाव ‘डिस्पॅचर’. मराठी दफ्तरांतला जासूद बातमी पोचवी. ती ऐकून काय करावयाचे हे ज्याचे तो ठरवी. हा जासूदही तसाच आहे. जाळे जोडले गेले, तुटले, पत्ता बदलला, की तो एका ठराविक कप्प्यापाशी जातो आणि तेथे ठेवलेल्या प्रत्येक संहितेला ती बातमी सांगतो. संहिता म्हणजे स्क्रिप्ट. नभोवाणीच्या श्रोत्यांना हा शब्द परका नाही. नट ज्याप्रमाणे संहितेतली वाक्ये क्रमाने म्हणतो, त्याप्रमाणे संगणक या संहितेतल्या आज्ञा क्रमाने पाळतो. अंतर इतकेच की नटाला चूक सावरून घेता येते, संगणकाला येत नाही.

हा कप्पा संगणकाच्या ‘एट्‌सी’ या दालनात, नेटवर्कमॅनेजरच्या नावाच्या खणात असतो आणि त्याला ‘डिस्पॅचर डॉट डी’ म्हणतात. तेथे कोणीही काहीही टाकावे अशी मोकळीक मात्र नाही. संहितेची मालकी ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याकडे असली पाहिजे, इतर कोणाला तीत फेरफार करण्याची मुभा असता कामा नये, आणि ती चालवण्याजोगी म्हणून नोंदलेली असली पाहिजे. यांपैकी एकही अट मोडली तर जासूद ती संहिता चालवीत नाही. नवशिक्यांचा निम्मा वेळ येथेच जातो. संहिता अचूक लिहिलेली असते, परंतु परवानगीचा शिक्का राहून गेलेला असतो. या कडकपणाचे कारण उघड आहे. जासूद या संहिता सर्वाधिकारी म्हणून चालवतो. तेव्हा तीत दुसऱ्याला एक ओळ घालता आली, तर संपूर्ण संगणक त्याच्या हाती गेला असे समजावे.

प्रत्येक संहितेला जासूद दोन शब्द देतो. पहिला शब्द म्हणजे कोणते दार, म्हणजे तारेचे की बिनतारी, आणि दुसरा शब्द म्हणजे काय घडले. ‘अप’ म्हणजे जोडणी पूर्ण झाली, ‘डाउन’ म्हणजे ती सुटली. खाजगी बोगद्यासारख्या व्हीपीएन जोडणीसाठी, पत्ता नव्याने मिळाल्याबद्दल आणि यंत्राचे नाव बदलल्याबद्दल वेगळे शब्द आहेत. याखेरीज जोडणीचे नाव, तिचा ओळखक्रमांक, मिळालेला पत्ता इत्यादी तपशील एका यादीच्या रूपाने संहितेच्या परिसरात ठेवलेला असतो. संहिता वर्णक्रमाने, एकामागून एक चालतात. म्हणून त्यांच्या नावांच्या आरंभी आकडे घालण्याचा प्रघात आहे. येथेही एक गंमत आहे. हा क्रम अक्षरांचा आहे, संख्यांचा नव्हे; त्यामुळे १०० ने सुरू होणारी संहिता २० च्या आधी चालते.

आता घरच्या सामायिक साठ्याचेच उदाहरण घेऊ. जोडणी झाल्याची बातमी आली, ओळखक्रमांक घरच्या जोडणीचा निघाला, तर तबकडी जोडावी, एवढी संहिता चार-पाच ओळींत लिहिता येते. अडचण निरोप घेताना येते. ‘डाउन’ ही बातमी पोचते तेव्हा वाट आधीच बंद झालेली असते. मग तबकडी सोडवू पाहणारा संगणक पलीकडच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत ताटकळत बसतो, जणू पूल वाहून गेल्यावर पलीकडच्या तीरावरील सामान आणायला निघालेला माणूस. यासाठी ‘प्री-डाउन’ नावाची वेगळी बातमी आणि तिच्यासाठी वेगळा उपकप्पा आहे. तेथील संहिता संपेपर्यंत कारभारी जोडणी सोडत नाही. त्याचप्रमाणे ‘प्री-अप’ या कप्प्यातील संहिता संपेपर्यंत जोडणी तयार झाल्याचे तो इतर कार्यक्रमांना सांगत नाही. संरक्षक भिंतीचे नियम बसवायचे असतील, तर ही जागा योग्य होय. दार उघडल्यानंतर कुलूप शोधण्यात अर्थ नसतो.

परंतु ‘प्री-डाउन’वर सर्वस्वी विसंबता येत नाही, आणि ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. कोणी तार ओढून काढली, किंवा चालता चालता बिनतारी लहरी क्षीण होऊन नाहीशा झाल्या, तर आवराआवर करायला अवसरच मिळालेला नसतो; अशा वेळी ही बातमी निघतच नाही. म्हणून ज्या कामात लिहिलेले पुसले जाण्याचा धोका आहे, ते काम निरोपाच्या संहितेवर सोडू नये.

जोडणी झाली म्हणजे जग जोडले गेले असेही नव्हे. भारतीय रेल्वेच्या रेलटेल या संस्थेने गूगलच्या साहाय्याने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य बिनतारी जाळे सुरू केले आणि पुढे ही सेवा देशभरातील स्थानकांवर पसरली. तेथे संगणकाला पत्ता लगेच मिळतो. परंतु भ्रमणध्वनीचा क्रमांक देऊन आलेला परवलीचा अंक भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिंडी दरवाजातून आत घेतले, पण देवडीवर थांबवले, असा हा प्रकार. या क्षणी ‘अप’ ही बातमी येऊन गेलेली असते, आणि तिच्यावर विसंबून टपाल आणायला धावलेली संहिता हात हलवीत परत येते. ही तपासणी चालू ठेवलेली असेल, तर कारभारी ठराविक ठिकाणी एक लहानशी विचारणा करून पाहतो. अपेक्षित उत्तराऐवजी भलतेच पान आले, तर मध्ये देवडी आहे हे त्याला कळते. आणि वाट मोकळी झाली की ‘कनेक्टिव्हिटी-चेंज’ ही स्वतंत्र बातमी तो पाठवतो. बाहेरच्या जगाशी संबंध असलेली कामे या बातमीला बांधणे शहाणपणाचे.

इतकी सोय झाल्यावर तिच्यामागचा धोकाही पाहिला पाहिजे. आणि तो काल्पनिक नाही. नव्या जाळ्यावर आलेला संगणक प्रथम सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने पत्ता मागतो. जाळ्यावरील जे यंत्र उत्तर देते, ते पत्त्याबरोबर आणखीही काही मजकूर पाठवते. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. उत्तर देणारा कोण आहे याची खातरजमा करण्याची रीत तीत सहसा वापरली जात नाही. मागणाऱ्याने ते मुकाट्याने स्वीकारायचे असते. रेड हॅटच्या प्रणालीच्या सहाव्या आणि सातव्या आवृत्त्यांबरोबर, तसेच फेडोराबरोबर, या मजकुराची नोंद घेणारी एक तयार संहिता जासुदाच्या कप्प्यात घालूनच दिलेली असे. गूगलमधील सुरक्षातज्ज्ञ फेलिक्स विल्हेल्म यांनी तिच्यातले एक छिद्र दाखवून दिले आणि मे २०१८ मध्ये ते जाहीर झाले.

छिद्र कसे होते ते पाहण्यासारखे आहे. आलेला मजकूर संहितेला अवतरणचिन्हांत बंद करून मिळत असे. मजकुरातच एखादे अवतरणचिन्ह असेल, तर ते खरे समजले जाऊ नये म्हणून त्याच्यामागे एक उलटी तिरकी रेघ दिली जाई. संहिता हा मजकूर ओळ ओळ वाचत असे. आणि वाचणाऱ्या आज्ञेची मूळची खोड अशी की वाटेत आलेली तिरकी रेघ ती गिळून टाकते. रेघ गेली की पहारेकरी गेला. मजकुरातले अवतरणचिन्ह खरे ठरे, पुढचे शब्द अवतरणाबाहेर पडत, आणि शेवटी त्या ओळीची आज्ञा म्हणून अंमलबजावणी होई, तीही सर्वाधिकाऱ्याच्या हाताने. याचा अर्थ असा की, त्याच जाळ्यावर बसलेल्या एखाद्या दुष्टाने पत्ता देताना चार अक्षरे अधिक दिली, तर नुसत्या जोडणीने परक्याचा संगणक त्याच्या ताब्यात जाई. यंत्राच्या मालकाने काही उघडायला नको, काही वाचायला नको. हा हल्ला समाजमाध्यमावरील एका छोट्या संदेशात मावेल इतका आटोपशीर निघाला. दुरुस्ती त्याहून लहान होती. तिरकी रेघ गिळू नकोस, असे वाचणाऱ्या आज्ञेला सांगणारी एक खूण, म्हणजे एक आडवी रेघ आणि एक अक्षर, तेवढी त्या ओळीत वाढवावी लागली.

नेटवर्कमॅनेजरऐवजी दुसरा कारभारी ठेवणाऱ्या संगणकांवर याच कामासाठी एक निराळा जासूद असतो. त्याच्यातही दोष सापडले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ते एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. तेथे संहितेची मालकी तपासण्याचा क्षण आणि ती चालवण्याचा क्षण यांमध्ये किंचित अंतर राहत होते, आणि तेवढ्यात तपासलेली संहिता काढून तिच्या जागी दुसरी ठेवता येत होती. कागदावर सही होऊन तो जावकात नोंदला जाण्यापूर्वी बदलला गेला, तर काय होते, हे कचेरीत वावरलेल्यांना सांगायला नको.

स्वतःची संहिता लिहिणाऱ्याने म्हणून बाहेरून आलेल्या कोणत्याही मजकुराला आज्ञेचे स्थान देऊ नये. जाळ्याच्या नुसत्या नावावरूनही घर ओळखू नये, कारण तेच नाव शेजाऱ्यालाही आपल्या यंत्राला देता येते. जोडणीचा ओळखक्रमांक पाहावा, आणि ती जोडणी सांकेतिक शब्दाने संरक्षित असावी. बिनकुलपाच्या जाळ्यावर क्रमांकाचाही भरवसा उरत नाही. लांबणारे काम, उदाहरणार्थ फायलींच्या प्रती करणे, संहितेने स्वतः करीत बसू नये. मागच्या संहिता तिच्यासाठी रांगेत खोळंबतात आणि फार वेळ लागला तर जासूद तिला मध्येच संपवतो. असे काम दुसऱ्याच्या स्वाधीन करून तिने लगेच मोकळे व्हावे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. या संहिता पडद्यामागे चालतात. त्यांना समोर बसलेला माणूस ठाऊक नसतो, त्याच्या पडद्यावर सूचना झळकवणे त्यांना सहजी साधत नाही, आणि आज्ञा कोठे सापडतात याची त्यांची माहितीही तोकडी असते. तेव्हा आज्ञेचा पूर्ण ठावठिकाणा लिहावा, आणि घडलेल्या गोष्टीची नोंद प्रणालीच्या रोजनाम्यात करावी. तार एकदा काढून पुन्हा खोचली आणि तो रोजनामा उघडला, की कोणती बातमी कोणत्या दाराने आली आणि कोणत्या संहितेने तिचे काय केले, हे ओळीने वाचायला मिळते.