विश्लेषण : ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत आणि मेणाचा पेच

डिसेंबर-जानेवारीत यावल-रावेर पट्ट्यातल्या केळी उत्पादकाची नजर रात्रीच्या किमान तापमानावर असते. पारा फार उतरला की केळीवर चरका पडतो आणि भाव मिळत नाही. स्वीडनमध्ये मार्चच्या पहिल्या रविवारी हजारो स्पर्धक असेच थर्मामीटरकडे डोळे लावून बसतात. तिथे प्रश्न असतो स्कीच्या तळाला कोणते मेण लावायचे याचा. अंदाज दोन-तीन अंशांनी चुकला, तरी पुढचे आठ-दहा तास त्याची किंमत मोजावी लागते.

ही शर्यत कोणती?

शर्यतीचे नाव ‘वासालोपेत’. १९२२ पासून होणारी ही शर्यत सेलेन परिसरातून सुरू होऊन मोरा या गावात संपते. अंतर ९० किलोमीटर. क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे डोंगरावरून वेगाने खाली येणे नव्हे. पायांना बांधलेल्या लांब, अरुंद पट्ट्या आणि हातातल्या दोन काठ्या यांच्या जोरावर चढ, सपाटी, उतार सगळेच कापायचे असते. भारताकडून जगदीश सिंह २०१८च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये क्रॉस-कंट्रीत उतरले होते. ती शर्यत होती १५ किलोमीटरची. वासालोपेतचे अंतर तिच्या सहापट आहे आणि त्यात सुरुवातीलाच मोठा चढ लागतो.

सरकायचेही आणि रुतायचेही

बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचे ते एकाच कामासाठी, चाक हलके फिरावे म्हणून. स्कीच्या मेणाकडून मात्र दोन उलट कामांची अपेक्षा असते. पुढे सरकताना घर्षण नको आणि चढावर पाय मागे रेटताना स्की घसरायला नको.

यावर तोडगा स्कीच्या आकारातच आहे. पारंपरिक शैलीची स्की मधोमध किंचित कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर भार असताना तिची पुढची आणि मागची टोकेच बर्फाला टेकतात. तिथे सरकण्याचे मेण लावतात. एका पायावर पूर्ण भार देऊन जोर लावला की कमान दबते आणि पायाखालचा भाग बर्फावर टेकतो. तिथे असते पकडीचे मेण.

सरकण्याच्या मेणाचे तत्त्व केळीबागेत रोज दिसते. केळीच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते, कारण पानावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. स्की सरकते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. ते पाणी तळाला चिकटू नये यासाठी हे मेण. (केळीच्या सालीवरून पाय का घसरतो, हे मोजणाऱ्या जपानच्या कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांना २०१४ मध्ये इग नोबेल मिळाले. त्यांनी मोजलेला घर्षण गुणांक होता सुमारे ०.०७. चांगल्या बर्फावर मेण लावलेली स्की याहूनही सहज सरकू शकते.)

पकडीच्या मेणाचे काम जास्त नाजूक. पाय रेटला की बर्फाचे कण त्या मेणात रुतले पाहिजेत आणि स्की पुढे सुटताच बाहेरही आले पाहिजेत. मेण फार कडक असेल तर कण रुतत नाहीत आणि चढावर पाय मागे घसरत राहतो. फार मऊ असेल तर रुतलेले कण निघत नाहीत. मग पायाखाली बर्फाचे गोळे धरतात आणि भर शर्यतीत थांबून ते खरवडावे लागतात.

निवड कशी करतात?

डब्यांच्या रंगांवरून ढोबळ अंदाज येतो. कडाक्याच्या थंडीला हिरवे, मग निळे, जांभळे, लाल आणि वितळत्या बर्फाला पिवळे. पण तापमान हा अर्धाच हिशेब. ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात, म्हणून मेण कडक लागते. वितळून पुन्हा गोठलेल्या खरखरीत बर्फावर साधे मेण टिकतच नाही. तिथे ट्यूबमधले, गुळाच्या चिक्कीच्या पाकासारखे चिकट ‘क्लिस्टर’ लावतात. सगळ्यात वाईट म्हणजे शून्य अंशाला पडणारा ताजा बर्फ. त्यात अनुभवी लोकांचीही फसगत होते.

लांब शर्यतीत अडचण वाढते, कारण एका दिवसात बर्फ अनेकदा बदलतो. पहाटे उणे दहा आणि दुपारी उन्हात शून्याजवळ, असेही होऊ शकते. शिवाय पुढे गेलेल्या हजारो जणांनी वाट गुळगुळीत केलेली असते आणि बर्फ मेण घासून काढत असतो. म्हणून आधी चिकट अस्तर, त्यावर पातळ थरांमागून थर, प्रत्येक थर बुचाने घासून सपाट केलेला. अंतर जितके मोठे तितके थर जास्त. शंका असेल तर जास्त थंडीचे, म्हणजे कडक मेण लावून निघावे, असा जुना सल्ला आहे. ऊन वाढले तर त्यावर मऊ मेण चढवता येते, पण मऊ मेणावर कडक मेण नीट बसत नाही. त्यामुळे अनेक जण कमरेच्या पिशवीत एक डबी ठेवतात.

आघाडीचे स्पर्धक तर आता पकडीचे मेणच टाळतात. केवळ हातांच्या जोरावर, काठ्या रेटत ते ९० किलोमीटर जातात. ते सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. हौशी मंडळी तळाला केसाळ पट्टी असलेल्या स्कीकडे वळत आहेत. वेग थोडा कमी, पण डोकेदुखी नाही.

वेगवान मेणावर बंदी का?

अनेक वर्षे फ्लोरिनयुक्त मेण सर्वात वेगवान मानले जाई. ते पाण्याबरोबर तेल आणि घाणही दूर ठेवते. पण इस्त्रीने ते वितळवताना निघणारा धूर श्वासात जाई तो मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात या तंत्रज्ञांच्या रक्तातील ‘पीएफओए’ या रसायनाचे प्रमाण सामान्य लोकसंख्येच्या सुमारे ४५ पट आढळले. हे रसायन निसर्गात जवळपास विघटित होत नाही आणि शरीरातून निघून जायला वर्षे लागतात. पदक खेळाडूला आणि धूर तंत्रज्ञाला, असा हा व्यवहार होता.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ मध्ये बंदी जाहीर केली. मात्र तपासणीचे खात्रीचे यंत्र तयार नसल्याने ती प्रत्यक्षात आली २०२३-२४च्या हंगामात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियातील सोल्डन येथे उतारावरच्या स्कीइंगमधील नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल या तपासणीत बाद ठरली. तेव्हापासून संघांची धास्ती वेगळीच आहे. नवे मेण स्वच्छ असले तरी जुन्या ब्रशमध्ये किंवा इस्त्रीवर राहिलेला फ्लोरिनचा अंश स्कीला लागू शकतो. त्यामुळे अनेक संघांनी वर्षानुवर्षे जपलेली अवजारेच मोडीत काढली.