सायकलस्वाराचे आधारवर्ष

अलिबाग ते रेवदंडा हे अंतर सुमारे १७ किलोमीटरांचे. पंचविशीत जितक्या वेळात ते कापले, तितक्याच वेळात पन्नाशीतही कापता यावे, असा हट्ट पुष्कळ सायकलस्वार धरतात. तो पुरा होत नाही असे दिसताच, विशेषतः एखादे मोठे दुखणे येऊन गेल्यावर, सायकल पडवीत जाऊन पडते ती कायमचीच. वस्तुतः सायकल सुटते ती पुष्कळदा चुकीच्या तुलनेमुळे.

१९६० चे शंभर रुपये आणि आजचे शंभर रुपये अर्थशास्त्राचा विद्यार्थी शेजारी-शेजारी मांडीत नाही; निर्देशांक लावून तो आधी त्यांचे वास्तव मूल्य काढतो. सायकलीच्या वहीलाही हाच न्याय हवा. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारणतः दहा टक्क्यांनी घटते; नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर उन्हाळी दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि रेवदंड्याहून परतणाऱ्याला समोरून अडवतो. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून त्याच वेगासाठी हृदयाला अधिक राबावे लागते. तेव्हा मे महिन्यातील वेळ पडताळावयाची ती गेल्या मे महिन्याशी, जानेवारीशी नव्हे.

फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी २०१२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, तासाभरात २४ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले. २०१४ साली, १०२ व्या वर्षी, तोच आकडा २६.९२७ वर गेला. २०१७ साली, १०५ व्या वर्षी, तो २२.५४७ वर आला. तरीही तो विक्रमच ठरला, कारण त्याचे माप त्या वयोगटाचे होते.

आजार तर आधारवर्षच बदलून टाकतो. हृदयावरील उपचारांनंतर डॉक्टरांच्या संमतीने केलेली पहिली फेरी म्हणजे शंभर, असे धरूनच पुढचा हिशेब मांडावा. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी नाडी मंदावते. अशा वेळी ठोके मोजून श्रमाचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा चालवताना एक वाक्य सलग बोलता येते की नाही, हे नोंदवावे. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर फेरीनंतर काही तासांनीही उतरू शकते; त्याच्या वहीत वेळेशेजारी साखरेचाही आकडा असावा.

ही स्वतःची समजूत घालण्याची युक्ती आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण दुरुस्त केलेला हिशेब अधिक कठोर असतो. वारा, ऊन आणि औषध यांची वजावट करूनही वेळ आठवड्यामागून आठवडे लांबत असेल, किंवा सकाळची विश्रांतीची नाडी सतत चढी राहत असेल, तर दोष वयावर ढकलता येत नाही. तेव्हा वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि छातीत दडपण आले, तर वहीची वाटही पाहू नये.