ऑक्झॅलेट

ऑक्झॅलेट हा ऑक्झॅलिक आम्लापासून तयार होणारा ऋणप्रभारित आयन होय. या आम्लाच्या क्षारांनाही याच नावाने ओळखतात. या आयनात कार्बनचे दोन व ऑक्सिजनचे चार अणू असतात. त्याचे सोडियम व पोटॅशियम यांच्याशी बनलेले क्षार पाण्यात विरघळतात. कॅल्शियमशी बनलेला क्षार मात्र जवळजवळ अविद्राव्य असतो. वनस्पती, मानवी शरीर व माती या तिन्ही ठिकाणी ऑक्झॅलेटचे कार्य मुख्यतः याच गुणधर्मावर अवलंबून असते.

नाव व शोध

आंबुशी ही वनस्पती ज्या वंशात मोडते त्या 'ऑक्झॅलिस' वंशावरून हे नाव आले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तीक्ष्ण' किंवा 'आंबट' असा आहे. स्वीडनमध्ये कार्यरत असलेले रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शील यांनी 1776 साली साखरेवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हे आम्ल मिळविले. 1824 साली फ्रीडरिक व्होलर यांनी ते सायनोजेनपासून तयार केले.

वनस्पतींमधील स्थान

पालक, चुका, राजगिरा, अळू व सुरण यांत ऑक्झॅलेट विपुल असते. 100 ग्रॅम ताज्या पालकात त्याचे प्रमाण साधारणतः 600 ते 1000 मिलिग्रॅम असते. वनस्पती पेशींतील जादा कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकरूपात साठवितात. अळू व सुरण यांतील स्फटिक सुईसारखे असतात. ते तोंडाच्या व घशाच्या त्वचेत रुतल्याने खाज सुटते. त्यांच्यासोबत असणारी काही प्रथिने ही खाज वाढवितात. त्यामुळे किडी व चरणाऱ्या जनावरांपासून वनस्पतीचे रक्षण होते. अळू चिंच किंवा आमसूल घालून चांगले शिजविण्याची रीत महाराष्ट्रात व गोव्यात रूढ आहे. हरभऱ्याच्या पानांवरून हिवाळ्यात पहाटे कापडाने टिपून घेतल्या जाणाऱ्या 'आंब' या द्रवात मॅलिक आम्लासोबत ऑक्झॅलिक आम्लही असते.

मानवी आरोग्य

मूत्रातील ऑक्झॅलेट काही अंशी आहारातून येते व काही अंशी यकृतात तयार होते. बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. यावरून मुतखड्याच्या रुग्णाने दूध-दही वर्ज्य करावे, असा समज रूढ झाला. परंतु तो चुकीचा आहे. जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटशी संयोग पावते व तो अविद्राव्य क्षार विष्ठेवाटे निघून जातो. कॅल्शियम कमी पडल्यास मोकळे ऑक्झॅलेट रक्तात शोषले जाते व मूत्रपिंडात पोहोचते. अमेरिकेतील सुमारे 45,000 पुरुषांच्या 1993 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखड्याचा धोका कमी असल्याचे आढळले.

टोमॅटोबाबतही असाच गैरसमज आहे. त्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण पालकाच्या तुलनेत फारच कमी असते. पालेभाजी उकळून पाणी टाकून दिल्यास विद्राव्य ऑक्झॅलेट बऱ्याच अंशी निघून जाते. पुरेसे पाणी पिणे व मीठ मर्यादित ठेवणे हेही मुतखडा टाळण्यास उपयुक्त ठरते. जीवनसत्त्व क च्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेतल्यास शरीरात ऑक्झॅलेट वाढू शकते. 'प्राथमिक हायपरऑक्झॅल्युरिया' या आनुवंशिक विकारात यकृतात ते अतिरिक्त तयार होते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा रुग्णांना केवळ आहारनियमन पुरेसे नसते.

सूक्ष्मजीव व जनावरे

'ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेस' हा आतड्यातील जीवाणू ऑक्झॅलेटवरच जगतो. त्याचे नामकरण 1985 साली झाले. गुरे व मेंढ्या यांच्या पोटातही ऑक्झॅलेटचे विघटन करणारे जीवाणू असतात; मात्र त्यांची संख्या हळूहळू वाढते. त्यामुळे भुकेल्या जनावराने ऑक्झॅलेटयुक्त तण एकदम खाल्ल्यास रक्तातील कॅल्शियम घटून ते दगावू शकते. अमेरिकेच्या पश्चिम भागात हॅलोजेटन या तणामुळे अनेक मेंढ्या मृत्युमुखी पडल्या आहेत.

पर्यावरण

बुरशी व दगडफूल यांनी स्रवलेल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे खडक झिजतात व त्यांतील खनिजे मोकळी होतात. मातीत लोह व ॲल्युमिनियम यांनी धरून ठेवलेले फॉस्फरसही त्यामुळे पिकांना उपलब्ध होते. आम्लधर्मी जमिनीत कुट्टूची मुळे ऑक्झॅलेट स्रवून ॲल्युमिनियमची विषबाधा टाळतात. आफ्रिकेतील इरोको वृक्षातील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मातीतील जीवाणू विघटन करतात व त्यातून चुनखडी तयार होते. अशा रीतीने वृक्षाने हवेतून घेतलेला काही कार्बन जमिनीत दीर्घकाळ साठून राहतो.