तेलाचा दिवा लागतो, इंजिन मात्र थांबत नाही

धरमपेठेत राहायचे आणि काटोल, कळमेश्वर किंवा नरखेडकडील संत्र्याची बाग सांभाळायची, अशी कुटुंबे नागपुरात कमी नाहीत. झाडांच्या ओळींतून सहज वळणारा, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर अशा बागांमध्ये आता रुळला आहे. तो चालवतो सालदार. मालक सुटीच्या दिवशी हिशेब पाहायला जातो. या व्यवस्थेत इंजिनातील तेल कोणी पाहायचे, हे बहुधा ठरलेलेच नसते.

आमच्या एका स्नेह्यांच्या बागेत ऐन फवारणीच्या दिवसांत इंजिन जाम झाले. तेलाचा लाल दिवा सकाळपासून लागलेला होता, हे नंतर कळले. ‘तेल कमी झाले असते तर मशीन आपोआप बंद पडायला हवे होते ना?’ हा त्यांचा प्रश्न भाबडा वाटला, तरी त्यामागे अनुभव होता. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात दुकानांच्या पायऱ्यांवर पेट्रोलचे छोटे जनरेटर घरघरत असत. त्यांपैकी अनेकांच्या तेलाच्या चेंबरमध्ये एक फ्लोट असतो. पातळी उतरली की तो खाली बसतो, स्पार्क प्लगची ठिणगी बंद होते आणि इंजिन थांबते. तेल भरल्याशिवाय ते पुन्हा सुरूच होत नाही.

ट्रॅक्टरचे इंजिन डिझेलवर चालते. त्यात ठिणगीच नसते, त्यामुळे ते थांबवायचे तर इंधनच तोडावे लागते. हे काम आपोआप करणारी सोय मोठ्या जनरेटर संचांत आढळते. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरवर सहसा नसते. तेथे असतो तो केवळ दाब ओळखणारा स्विच. तेलाचा दाब साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या खाली गेला की दिवा लागतो. पुढचे काम चालकाचे.

शिवाय हा दिवा दाबाविषयी बोलतो, पातळीविषयी नाही. पंपाचे तोंड तेलात बुडालेले आहे तोवर तेल निम्म्यावर आले तरी दिवा विझलेलाच राहू शकतो. उताराच्या शेतात किंवा बांध ओलांडताना तेल एका बाजूला सरकते आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. पुष्कळ चालक त्याला ‘वायरिंगचा दोष’ समजून सोडून देतात. खरे तर पहिली सूचना तीच असते.

फिल्टरची गोष्ट याहून फसवी आहे. फिल्टरमधील घडीचा कागद केसाच्या जाडीहूनही बारीक कण अडवतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात मशागतीची धूळ एअर फिल्टरच्या फटीतून आत शिरते, पिस्टनच्या रिंगांपासून तेलात उतरते. त्यात डिझेलची काजळी मिसळते. कागद तुंबला तर तेल अडून बेअरिंग कोरडी पडू नयेत म्हणून एक बायपास झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. दाब टिकतो, दिवा लागत नाही, आणि गाळ बेअरिंगवर घासत राहतो. इंजिन वाचवण्यासाठी केलेली ही सोय निष्काळजी मालकाला मात्र काहीच कळू देत नाही.

म्हणून फिल्टर तासांच्या हिशेबाने बदलायचा असतो. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल बहुतेक ठिकाणी ५० तासांनंतर, पुढे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. धुळीच्या कामात त्याहून लवकर. तेल नवे आणि फिल्टर जुना ही काटकसर तर मुळीच नको. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचे बोट लावून तो हातानेच आवळावा. रंग-आकाराने सारखा दिसणारा स्वस्त फिल्टर आत कसा आहे, कागद किती आहे, झडप कोणत्या दाबाला उघडते, हे दुकानात उभे राहून कळत नाही.

डिपस्टिक पाहायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडे थांबल्यावर. दिवा लागलाच तर ‘ही एवढी ओळ संपवू’ असे न म्हणता इंजिन तिथेच बंद करावे लागते. तेलाचा थर तुटल्यावर बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही.

स्नेह्यांना शेवटी क्रँकशाफ्ट घासून आणावा लागला आणि फवारणीसाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागला. आता त्यांचा सालदार रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक पुसतो, पुन्हा बुडवतो आणि तिचा फोटो मोबाइलवरून धरमपेठेत पाठवतो. चहाआधी तो फोटो आला नाही, तर फोन इकडूनच जातो.