जुन्या डिझेल गाडीचे पाणी आणि व्यापाऱ्याचा वायदा

मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागाची दोन मोठी केंद्रे मुंबई-आग्रा रस्त्याने जोडलेली आहेत. या रस्त्यावर कापडाचे ताके आणि नमुने घेऊन फिरणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांपैकी काहींजवळ आजही जुनी डिझेल गाडी आहे. सपाटीवर ती निमूट चालते. पण एप्रिल-मेच्या उन्हात, भरल्या मालानिशी कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागतो. गाडी वाटेत थांबली की माल अडकतो आणि पार्टीला दिलेला वायदा बुडतो.

अशा वेळी दोष इंजिनाला दिला जातो. पुष्कळदा रोग पाण्यात असतो. बोअरच्या जड पाण्यातील क्षार इंजिनात आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला गंज चढतो व त्याचा गाळ नळ्या बुजवतो. कूलंट जुने झाले की त्यातील गंज रोखणारी द्रव्येही संपतात. मग उष्णता बाहेर पडायची कशी?

उपाय सोपा आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. खालचा बोल्ट काढून जुने पाणी भांड्यात घ्यावे. कूलंट विषारी असते व चवीला गोड लागते, म्हणून मुले-जनावरांपासून दूर ठेवावे. नंतर स्वच्छ पाणी भरून, हीटर असल्यास तो गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे. गार झाल्यावर पाणी सोडावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करावे. गाळ फार असेल तर मिस्त्रीकडून रेडिएटर खालून वर, उलट्या दिशेने धुऊन घ्यावा. तेजाब मुळीच वापरू नये. तो धातू खातो.

शेवटी कूलंट व डिस्टिल्ड वॉटर साधारण निम्मे-निम्मे भरावे आणि अडकलेली हवा काढावी. गाडीच्या पुस्तिकेतील मुदत पाळावी. झाकणाचे रबर, होज पाइप आणि पंख्याचा पट्टाही त्याच वेळी तपासावा.

धुऊनही काटा चढत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर गॅस्केटची शंका घ्यावी व गाडी पुढे दामटू नये. तापल्या इंजिनात गार पाणी ओतणे तर हेड फोडून घेण्यासारखेच आहे.

व्यापारी बांधवांनो, कूलंटचा खर्च आणि हेड उतरवण्याचा खर्च शेजारी-शेजारी लिहून पाहा. त्यात वाटेत अडकलेल्या मालाचे नुकसानही धरा. उन्हाळ्याच्या आधी एक दिवस गाडीसाठी काढणे हा आम्हाला फायद्याचाच सौदा वाटतो.