सोळा पायऱ्यांचं बेट

दसरा झाला की आपल्याकडच्या किती घरांना कुलूप लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते. आज मात्र आपण कारखान्यावर नाही, एका बेटावर फिरायला जाऊ. बसल्या जागीच. पण तिथंही ऊसच भेटणार आहे!

हे बेट म्हणजे मॉरिशस. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात. चित्रात निळं पाणी आणि नारळाची झाडं दिसतात. पण तिथं जाणाऱ्यानं आधी पोर्ट लुईस या राजधानीच्या बंदरात उतरावं आणि आप्रवासी घाट बघावा. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर लागले, ते इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानातून नेले गेले. 1834 पासून पुढं सुमारे साडेचार लाख माणसं गेली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली, त्यांत कोकणातली, रत्नागिरीकडची आपली मराठी माणसं होती.

घाटावर दगडी पायऱ्या आहेत, सोळा. जहाजातून उतरलेली माणसं त्या चढून वर आली. वर दवाखान्याच्या आणि स्वयंपाकघराच्या जुन्या भिंती अजून उभ्या आहेत. बाकी बरंच पाडलं गेलं, रस्ताही त्यातूनच गेला. उरलंय ते लहानसंच, पण 2006 साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. राजवाडा नाही, देऊळ नाही. मजुरांची उतरायची जागा आहे ती, बायांनो.

वर आल्यावर नोंद व्हायची. नाव, बापाचं नाव, गाव, वय, अंगावरची खूण, आणि एक नंबर. सुरुवातीला बायका फार थोड्या गेल्या. पण जी गेली तिचाही तिच्या नावानं स्वतंत्र नंबर. ती रजिस्टरं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. आज नातवंडं-पतवंडं तिथं जाऊन आपल्या खापरपणजीचं गाव शोधतात.

करार पाच वर्षांचा. ॲग्रीमेंट म्हणता येईना, म्हणून आपले लोक त्याला गिरमिट म्हणत. आणि नियम ऐका: एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आपल्याकडचा खाडा आठवला ना? आजारपण असो, पाळी असो, कोपीवर बसलं की मुकादमाच्या वहीत खाडा लागतोच. तिथं पुढं फोटो लावलेला पासही आला. तो जवळ नसला तर पोलीस पकडायचे.

मला एक गोष्ट फार लागते. दीडशे वर्षांपूर्वी बोटीतून उतरलेल्या बाईचं नाव वहीत सापडतं, आणि आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच. ग्रामसेवक ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देतात. निघायच्या आधी गटातल्या प्रत्येकीनं ते स्वतःच्या नावानं मागून घ्यावं. नवऱ्याचं झालं म्हणजे आपलं झालं, असं समजू नका.

घाटावरून गाडीनं दक्षिणेकडं गेलं की डोंगरात गंगातलाव लागतो. तळं ज्वालामुखीच्या खळग्यातलं, काठावर महादेवाची 108 फुटी मूर्ती. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून माणसं कावडी घेऊन पायी येतात. आणि मराठी घरांत गणपती. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत झाकरी नाचतात; आपल्या कोकणातली जाखडी ती. घरात बोलणं क्रेओल भाषेत चालतं, पण शाळेत मराठी शिकता येतं, आणि आरती मराठीतच म्हणतात.