किल्ली कुणाच्या खिशात?

आमच्या गावातल्या वाचनालयाचा मी एक विश्वस्त आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला अशी पदे आपोआप चिकटतात. ‘तुम्हाला हिशेब कळतो ना, मग बसा,’ असे म्हणतात. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ग्रंथपालबाई घाबऱ्याघुबऱ्या घरी आल्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, आपली वेबसाइट गेली.’’ कपाटातले पुस्तक गेले तर नोंदवही उघडून शोध घेता येतो. वेबसाइट जाते म्हणजे नेमके काय जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

वाचनालयाच्याच एका तरुण सभासदाने ती हौसेने करून दिली होती, वर्डप्रेस या प्रणालीवर. अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी ती लोकांपुढे ठेवली. कुणीही ती फुकट घ्यावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. तिच्या १.० आवृत्तीला त्यांनी माइल्स डेव्हिस या जाझवादकाचे नाव दिले. (आमच्या बँकेत परिपत्रकांना नुसते क्रमांक असत!)

वेबसाइट परत उभी करायची तर तिची परिभाषा शिकणे आले. ती शिकताना जाणवले, की शब्द नवे असले तरी व्यवहार जुनाच आहे. ‘पोस्ट’ म्हणजे तारखेची नोंद, नवी आली की जुनी खाली सरकते, आमच्या सूचनाफलकासारखी. ‘पेज’ म्हणजे दारावरची संगमरवरी पाटी, तिला तारखेशी कर्तव्य नाही. ‘कॅटेगरी’ म्हणजे विषयवार कपाटे, आत आणखी कप्पे पाडता येतात. ‘टॅग’ म्हणजे पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची. लेखाला कपाट नेमून दिले नाही, तर तो ‘अनकॅटेगराइज्ड’मध्ये जाऊन पडतो. ते नाव वाचून मला हसू आले. आमचे सस्पेन्स खातेच ते! कुठे टाकायचे ते न कळलेली प्रत्येक रक्कम तिथे, आणि वर्षअखेरीला सगळ्यांची झोप उडालेली.

‘थीम’ हे नुसते आवरण. ते बदलले तरी मजकूर जागचा हलत नाही. ‘रिव्हिजन’ मात्र मला फार आवडले. लेखात केलेल्या दुरुस्त्यांच्या आधीचे खर्डे तिथे जपून राहतात. लिहिणाऱ्या माणसाला याचे मोल विचारा. खोडलेले वाक्यच बरे होते, हे मला नेहमी पुस्तक छापून आल्यावर कळते.

पण खरी गोम अधिकारांच्या उतरंडीत आहे. ‘कॉन्ट्रिब्युटर’ लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. कारकुनाने व्हाउचर लिहायचे, पास करायचे अधिकाऱ्याने, तसेच. ‘ऑथर’ आपला लेख आपण प्रसिद्ध करतो, ‘एडिटर’ दुसऱ्यांचेही लेख पाहतो, बदलतो, काढतो. या सर्वांच्या वर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. लोकांना आत घेणे, बाहेर काढणे, आवरण बदलणे, सारे त्याच्या हाती.

बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. एकट्याला ती उघडता येत नसे, मग तो कितीही सचोटीचा असो. मी उभी हयात हा नियम पाळला आणि वाचनालयात मात्र त्या मुलाच्या हाती सगळे सोपवून टाळ्या वाजवल्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तो एकटाच. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्याच्या नावावर. ती जिथे राहते ती जागा, म्हणजे होस्टिंग, तेही त्याच्याच नावावर. प्रणाली फुकट असली तरी या दोन्हींचे भाडे दरवर्षी भरावे लागते. तो नोकरीसाठी कॅनडाला गेला. भाड्याची स्मरणपत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली, आणि तो ईमेल आता तो उघडत नव्हता. दोष त्याचा नाही. सभेच्या कार्यवृत्तात त्याचे आभार मानले आहेत. किल्लीची नोंद कुठेच नाही, आणि त्या कार्यवृत्तावर सही माझी आहे.

फोनवर तो फार ओशाळला. पत्ता त्याने सोडवून वाचनालयाच्या नावे करून दिला. पूर्वी कधीतरी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवलेली एक फाइलही त्याला सापडली. नवी जागा घेऊन ती आत चढवली, आणि एकेक लेख तारखेसकट, लेखकाच्या नावासकट परत आला. ग्रंथपालबाईंनी पेढे मागवले.

पेढे येईपर्यंत आमच्या लक्षात आले, की फोटो नाहीत. त्या फाइलमध्ये मजकूर असतो आणि फोटोंचे फक्त पत्ते. फोटो राहतात वेगळ्या फोल्डरमध्ये, जुन्या जागेवर. नवी वेबसाइट त्या पत्त्यांवर जाऊन ते मागत होती आणि तिथे आता कुणीच नव्हते. जुन्या सभासदांच्या अल्बममधून मागून आणलेले ते फोटो, स्कॅन करून ज्याचे त्याला परत केलेले. आता रिकाम्या चौकटी आणि खाली ओळी : ‘कौलारू इमारतीसमोर, डावीकडून तिसरे आपले पहिले ग्रंथपाल.’

त्या ग्रंथपालांच्या पत्नी अजून आहेत. नातवाने मोबाइलवर ते पान दाखवले, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. ‘‘भाऊ, नाव आहे, मग माणूस कुठे गेला?’’ बँकेत मी भल्याभल्या खातेदारांना उत्तरे दिली आहेत. आजींपुढे मला एकही सुचले नाही.

आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोघे आहेत, ग्रंथपालबाई आणि मी. पत्ता आणि जागा दोन्ही वाचनालयाच्या नावावर. महिनाअखेरीस मजकूर आणि फोटोंचे फोल्डर, दोन्हींची प्रत पेनड्राइव्हवर घेतो, लोखंडी कपाटात ठेवतो आणि वहीत दोघे सही करतो. बाई हसतात, पण सही करतात. घरोघर हिंडून काही फोटो पुन्हा मिळवले. काहींचे अल्बम मधल्या काळात घर बदलताना गेले. आजींच्या माळ्यावर एक ट्रंक आहे म्हणतात. येत्या रविवारी नातू ती खाली काढणार आहे.